पावसाळ्यात गाडी झोपवायची कशी? छावणी, बारगीर आणि नागपूरची एक रात्र

दसरा जवळ आलाय, म्हणून आजचा विषय गाड्यांचा. घाबरू नका, इतिहासाचा पॉडकास्ट सोडून मी कार रिव्ह्यू सुरू केलेले नाहीत. इतिहासच सांगणार आहे, फक्त आज तो माझ्या मामाजींच्या पोर्चमधून सुरू होतो.

माझ्याकडे एक जुनी टर्बो पेट्रोल सेडान आहे. मॅन्युअल गिअर, सेकंड हँड घेतलेली. पहिल्या पगारापासून साठवलेले पैसे त्यात गेले. नोकरी पुण्यात आणि गाडी नागपुरात, मामाजींकडे. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये ती गाडी चालवणं म्हणजे रेसच्या घोड्याला टांग्याला जुंपणं. त्यामुळे हिशेब असा ठरला की दिवाळी ते होळी सुट्ट्यांमध्ये चालवायची आणि पावसाळ्यात उभी ठेवायची.

आता गाडी चार महिने उभी ठेवायची तर कशी ठेवायची? मी मोबाइलवर शोधलं. शंभर व्हिडिओ निघाले आणि बहुतेक सगळे एकच सांगत होते, हिवाळ्यात गाडी कशी साठवावी. बर्फ, रस्त्यावरचं मीठ, कूलंट गोठणं. मामाजी मागून बघत होते. म्हणाले, "काऊन रे, नागपुरात बर्फ कधी पडला?"

बरोबर आहे. डिसेंबर २०१८ मध्ये नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, तेव्हा शहरभर शेकोट्या पेटल्या. पण गाडीसाठी तोच तर सगळ्यात छान मोसम. हवा थंड आणि घट्ट, टर्बो खूश, रस्ते कोरडे. आपला गाडीचा शत्रू वेगळा आहे. मे महिन्यातलं ऊन, ज्यात २०१३ साली नागपूरने ४७.९ अंश पाहिलेत, आणि त्यामागून येणारा पाऊस.

मग प्रश्न पडला. वेगवान वाहन वर्षातले काही महिने उभं ठेवायचं, ही गोष्ट आपल्याकडे नवीन आहे का? अजिबात नाही. आपल्याकडे त्यासाठी एक आख्खा शब्द आहे. छावणी.

आज छावणी म्हटलं की आपल्याला कॅन्टोन्मेंट आठवतं किंवा दुष्काळातली चारा छावणी. पण मराठेशाहीच्या कागदांत 'छावणी करणे' याचा नेहमीचा अर्थ होता फौजेने पावसाळ्यात एका जागी मुक्काम करणं. शाकारणी करून, छप्पर घालून, घोडे त्याखाली बांधायचे. नद्या फुगलेल्या, वाटा चिखलाच्या, तोफा हलणार नाहीत. मग दसरा यायचा, सोनं लुटायचं, गावाची सीमा ओलांडायची आणि मोहिमेवर निघायचं. सीमोल्लंघन हा शब्द आज आपण शुभेच्छांच्या मेसेजमध्ये वापरतो. तेव्हा ती खरोखरची तारीख होती, सीझन सुरू होण्याची.

युरोपातही मोटारीच्या सुरुवातीच्या काळात असंच होतं. १९१०च्या आसपास बऱ्याच गाड्यांना वरून टप नव्हतं, हीटर नव्हता. रेडिएटरमध्ये साधं पाणी. ते गोठलं की फुगतं आणि इंजिनचा ब्लॉक तडकतो. म्हणून थंडीत लोक पाणी काढून टाकायचे, चाकं जमिनीपासून उचलून गाडी ठोकळ्यांवर ठेवायचे आणि वसंताची वाट बघायचे. त्यांचा शत्रू बर्फ होता, आपला पाऊस. पण दोघांना एकच गोष्ट कळलेली होती. वापरात नसलेली वस्तू आपोआप सुरक्षित राहत नाही. तिला राखावं लागतं.

राखायचं कसं, यावर मराठीतला माझ्या मते सर्वांत भारी मजकूर साडेतीनशे वर्षं जुना आहे. १६७०च्या दशकातलं शिवाजी महाराजांचं पत्र. चिपळूणजवळ फौजेचा पावसाळी मुक्काम होता, तिथल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं. तुमच्यापैकी अनेकांना यातला रयतेला त्रास देऊ नका, हा भाग माहीत असेल. शाळेत तोच शिकवतात. पण पूर्ण पत्र वाचलं तर ते मुळात साठवणुकीबद्दल आहे.

महाराज सांगतात ते माझ्या शब्दांत असं. पावसाळ्यासाठी दाणा आणि गवत मोजून दिलंय. आत्ताच मन मानेल तसं उधळलंत तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असं होईल. मग तुमचे लोक गावात जाऊन शेतकऱ्याचं धान्य, गवत, लाकूड उचलतील, आणि रयतेला वाटेल की यांच्यापेक्षा मोगल बरे. जे लागेल ते बाजारातून पैसे देऊन आणा. आणि पुढे आगीबद्दल. गवताच्या गंजीजवळ चुली पेटवू नका, चिलीम ओढू नका. रात्री दिवा तसाच ठेवून झोपू नका, उंदीर पेटती वात ओढून नेतो, गवताला आग लागते, आणि मग घोडी कशाच्या जोरावर जगवायची?

उंदीर! एक राजा, ज्याच्यासमोर मोगल आणि आदिलशाही उभी आहे, तो आपल्या अधिकाऱ्यांना उंदराबद्दल बजावतोय.

मी हे पत्र पहिल्यांदा नीट वाचलं ते २०२२ साली, आणि त्याच पावसाळ्यात माझ्या गाडीत उंदीर शिरला. त्या वर्षी मी गाडी नुसती उभी केली होती. हँडब्रेक ओढला, वरून प्लॅस्टिकचं कव्हर घातलं आणि पुण्याला गेलो. ऑक्टोबरमध्ये कव्हर काढलं तेव्हा सीटवर पांढरी बुरशी, बॅटरी मेलेली, मागचे ब्रेक चिकटलेले. बॉनेट उघडलं तर इंजिनवर चिंध्यांचं घरटं आणि कुरतडलेल्या वायरी. मेकॅनिक वाकून बघत म्हणाला, "भाऊ, सेल्फ मारला असता ना, शॉर्ट होऊन पेटली असती." बिल किती झालं ते मी आईला अजून सांगितलेलं नाही. पेटत्या वातीच्या जागी वायर आली, बाकी गोष्ट तीच.

आता नागपूरकडे येऊ.

मराठा घोडदळात दोन प्रकारचे स्वार असायचे. बारगीर आणि शिलेदार. बारगिराला घोडा सरकार द्यायचं, सरकारी पागेतला. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, हत्यारं स्वतःची. आजच्या भाषेत बारगीर म्हणजे कंपनीची गाडी, शिलेदार म्हणजे स्वतःच्या हप्त्यावरची. घोडा मेला तर बारगिराला दुसरा मिळायचा. शिलेदाराचा मेला तर त्याची उपजीविकाच जायची. म्हणून शिलेदार घोड्याला जपायचा, कधीकधी लढाईपेक्षा जास्त. ज्यांनी स्वतःच्या पैशाने गाडी घेतलीय त्यांना हे सांगायला नको.

नागपूरकर भोसल्यांनी, म्हणजे पहिल्या रघूजींनी, १७४०च्या दशकात बंगालवर स्वाऱ्या केल्या. त्या स्वाऱ्यांमुळे बारगीर हा आपला साधा नोकरीतला शब्द बंगालीत 'बोर्गी' झाला आणि त्याचा अर्थ झाला लुटारू. तिथल्या अंगाईगीतांत आजही मुलांना बोर्गींची भीती घालतात. चिपळूणच्या पत्रात ज्याची भीती होती, की फौज रयतेवर पडेल, ते बंगालमध्ये घडलं. हे आपण नागपूरकरांनी मान्य केलं पाहिजे, उगाच फक्त पराक्रम सांगू नये.

तर १७४२ साली रघूजींचे सेनानी भास्करराम, म्हणजे भास्करपंत कोल्हटकर, बंगालमध्ये घुसले. मे महिन्यात मुर्शिदाबादवर छापा पडला, जगत सेठांची कोठी लुटली गेली. मग पावसाळा आला. खरं तर नेहमीप्रमाणे परत फिरायची वेळ. पण भास्करपंत थांबले. त्यांनी छावणी केली काटवा इथे, जिथे अजय नदी भागीरथीला मिळते. दोन्ही बाजूंना फुगलेलं पाणी. पाणी आहे तोवर शत्रू येणार नाही, असा हिशेब.

त्यांनी तिथे दुर्गापूजेचा मोठा उत्सवही मांडला. नवाब अलीवर्दी खान पाऊस ओसरण्याची वाट बघत होता. सप्टेंबर संपता संपता त्याने रात्रीच्या अंधारात होड्यांचा पूल करून नदी ओलांडली आणि पहाटे छावणीवर तुटून पडला. ऐन उत्सवात. मराठ्यांची फौज तिथून निसटली, पण तळ, सामान सगळं मागे टाकून. भास्करपंत त्या दिवशी वाचले. पुढे १७४४ मध्ये बोलणीच्या नावाखाली बोलावून त्यांना मारण्यात आलं. स्वाऱ्या तरीही चालूच राहिल्या आणि १७५१च्या तहात भोसल्यांना बारा लाखांची वार्षिक चौथ मान्य झाली.

काटव्याच्या छावणीत मला जी गोष्ट खटकते ती ही. जे पाणी आपलं रक्षण करतंय असं वाटत होतं, त्यानेच तळ कोंडून ठेवला. घोडे होते, स्वार होते, पण अचानक निघायची तयारी नव्हती. छावणी म्हणजे आराम, असं समजलं की असं होतं.

आणखी एक गोष्ट नागपूरचीच, आणि ही जास्त त्रास देते. तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये वारले. त्यांना मुलगा नव्हता. डलहौसीने राज्य खालसा केलं. मग राजवाड्यातली मालमत्ता बाहेर निघाली. जडजवाहीर लिलावासाठी कलकत्त्याला गेलं. आणि हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर लिलावात उभे केले गेले. मातीमोल भावाने विकले गेले. आज आपण ज्या बर्डीवर मोबाइल कव्हर घ्यायला जातो, ती बर्डी. पिढ्यान्‌पिढ्या पागा राखलेली, मोतद्दार, नालबंद, सगळी माणसं त्यावर जगणारी. मालकी गेली आणि निगा राखणारी आख्खी व्यवस्था एका फटक्यात गेली. वाहन विकता येतं हो, पण त्याच्याभोवतीचं ज्ञान लिलावात कुणी घेत नाही.

पुढे संस्थानिकांच्या पागांच्या जागी गॅरेज आली. इंदूरच्या यशवंतराव होळकरांची, म्हणजे मल्हाररावांच्या घराण्यातलीच, ड्यूसेनबर्ग ही १९३०च्या दशकातली जगातल्या वेगवान गाड्यांपैकी एक. अमेरिकन गाडी, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगने बांधलेली, आठ सिलिंडर, ६.९ लिटर, सुपरचार्जर, कंपनीचा दावा ३२० हॉर्सपॉवरचा. रंग केशरी आणि काळा. ती गाडी आज भारतात नाही. संस्थानं गेली तशा अशा कितीतरी गाड्या देशाबाहेर गेल्या.

पण एक गाडी राहिली, आणि तिची गोष्ट मला फार आवडते. कोल्हापूरची मेबॅक. राजाराम महाराजांच्या काळातली ही जर्मन गाडी छत्रपती घराण्याने अजून जपून ठेवलीय, आणि दसऱ्याच्या शाही सोहळ्याला ती दसरा चौकात येते. बघा हं, वर्षभर राखायची आणि सीमोल्लंघनाला बाहेर काढायची. घोड्यांचं कॅलेंडर मोटारीने जसंच्या तसं उचललं. ती गाडी दर दसऱ्याला सुरू होते, याचा अर्थ वर्षभर कुणीतरी तिच्यामागे खपतंय.

तर २०२३ साली मी ठरवलं, यंदा व्यवस्थित छावणी करायची. मेकॅनिकला विचारून यादी केली. तुमच्याही कामाची आहे, बाइकवाल्यांच्याही, म्हणून सांगतो.

गाडी धुऊन, आतून पूर्ण कोरडी करून मगच उभी करायची. प्लॅस्टिकचं कव्हर नको, त्यात आतल्या आत वाफ धरते. हवा खेळणारं कापडी कव्हर हवं. इंजिन ऑइल उभी करायच्या आधी बदलायचं, कारण वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल आणि ओल साचलेली असते. टाकी भरून ठेवायची. आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. टाकीत रिकामी जागा कमी तेवढी ओलसर हवा कमी. टायरमध्ये चार-पाच पीएसआय हवा जास्त भरायची, म्हणजे एका जागी चपटे होत नाहीत. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडायची किंवा मेंटेनर चार्जर लावायचा. उंदरांसाठी जवळपास खाण्याचं काही ठेवायचं नाही, एअर इनटेकच्या तोंडाला जाळी लावायची आणि आठवड्याला बॉनेट उघडून बघायचं. जाळी सुरू करायच्या आधी काढायची, विसरू नका. आणि दर रविवारी पाच मिनिटं इंजिन नुसतं घुरघुर ठेवायचं, हा मामाजींचा उपाय मेकॅनिकने मोडीत काढला. इंजिन नीट तापत नाही, उलट आत पाणी धरतं. चालवायची तर अर्धा तास चालवा, नाहीतर हात लावू नका.

आणि शेवटचं, हँडब्रेक ओढायचा नाही. चाकांना विटा लावायच्या. हे मी जवळजवळ विसरलोच होतो. मेकॅनिक जाताजाता गेटमधून ओरडला, "हँडब्रेक सोडा भाऊ, मागच्या वर्षीसारखा चिकटेल."

मग आली २३ सप्टेंबर २०२३. नागपूरकरांना ही तारीख सांगावी लागत नाही. घरोघरी गणपती बसलेले. मध्यरात्रीनंतर पाऊस सुरू झाला तो थांबेना. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी पात्र सोडून वस्तीत आली. अंबाझरी लेआउटसारख्या भागांत लोक अंथरुणात असताना घरात पाणी शिरलं. माणसं गेली, दुकानं गेली. गाड्या तर कागदाच्या होड्यांसारख्या एकमेकींवर चढल्या.

मामाजींचं घर नदीपासून फार लांब नाही. पहाटे त्यांचा फोन आला. मागे पाण्याचा आवाज. "पोर्चच्या पायरीला लागलं राजा. गाडीचं काय करू?"

मी पुण्यात, झोपेत. आणि माझ्या लक्षात आलं की बॅटरीची वायर मीच सोडून आलोय. म्हणजे गाडी सुरूच होणार नाही. इतकी शिस्तीत छावणी केली, आणि काटवा झाला. मी फोनवर म्हणालो, "मामाजी, राहू द्या. तुम्ही मामीला घेऊन वर जा." अडुसष्ट वर्षांचा माणूस आहे. गाडी गेली तर गेली.

त्यांनी फोन ठेवला. अर्धा तास काही नाही. तो अर्धा तास मी खोलीत नुसता फिरत होतो.

पुन्हा फोन आला तेव्हा आवाज शांत होता. आधी मामी आणि गणपती माडीवर. मग गल्लीतली पाच पोरं हाकेला आली. मामाजींनी चावीने दार उघडलं, स्टिअरिंगचं लॉक सोडलं, न्यूट्रल आहे का बघितलं. पोरांनी विटा काढल्या. हँडब्रेक मोकळा, चाकं मोकळी, टायरमध्ये हवा ठणठणीत. गुडघाभर पाण्यातून गाडी ढकलत चढावरच्या मोठ्या रस्त्यावर नेली. नंतर त्याच पोरांनी शेजारच्या आजोबांची स्कूटर आणि एक ऑटो वर काढला. बॅटरीची गरजच पडली नाही.

शेजारच्या गल्लीत एकाने पाणी ओसरल्यावर घाईने सेल्फ मारला. इनटेकमधून सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं होतं. पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन गेलं. म्हणून हे नीट ऐका. बुडालेली गाडी कधीच सुरू करायची नाही. टो करून न्यायची, पाणी कुठवर गेलंय ते आधी बघून घ्यायचं.

मी दिवाळीला गेलो तेव्हा मामाजींना म्हटलं, तुम्ही जीव धोक्यात घालायला नको होता. ते म्हणाले, "अरे, ऑटोवाला त्या ऑटोवर पोट भरते. तुझी गाडी वाटेत आडवी होती, ती काढल्याशिवाय ऑटो निघत नव्हता." म्हणजे माझ्या शोभेच्या गाडीने कुणाच्या तरी रोजीरोटीची वाट अडवली होती, आणि हँडब्रेक ओढलेला असता तर अडवूनच ठेवली असती. तेव्हा मला चिपळूणचं पत्र खरं समजलं. त्यात घोडी, गवत, उंदीर आणि शेतकरी एकाच कागदावर का आहेत ते. आपली वस्तू नीट राखली नाही की तिचा भार कुणावर तरी पडतो, आणि बहुतेक वेळा तो आपल्यापेक्षा गरीब माणूस असतो.

त्या वर्षीपासून गाडी चढावरच्या एका ओळखीच्यांच्या शेडमध्ये असते. भाडं देऊन. बॅटरीला मेंटेनर असतो आणि एक चावी शेडवाल्या काकांकडे.

यंदा खंडेनवमीला पूजा करायला मी जाणार आहे. झेंडूचा हार, टायरखाली लिंबू, सगळं. पण त्याआधी चार गोष्टी बघणार. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. माझे टायर दिसायला नवे होते, आकडे वाचले तर सात वर्षांचे निघाले. ते बदलल्याशिवाय समृद्धीवर जायचं नाही. तिथे १२० ची परवानगी आहे, आणि टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या तुम्हीही वाचल्यात. मग ब्रेक, कूलंट आणि बॉनेटखाली कुणी भाडेकरू आहे का ते.

दसऱ्याच्या दिवशी मात्र गाडी शहरात काढणार नाही. त्या दिवशी दीक्षाभूमीवर लांबलांबून माणसं येतात, कितीतरी पायी. रस्ता त्यांचा. आपलं सीमोल्लंघन दुसऱ्या दिवशी पहाटे, थंड हवेत, मामाजींना शेजारी बसवून.

तुमच्या घरी एखादी उभी गाडी असेल, बाबांची जुनी स्कूटर असेल, तर या आठवड्यात तिचं बॉनेट किंवा सीट उघडून बघा. आणि चिपळूणचं ते पत्र पूर्ण वाचा. दोन-तीन पानांचं आहे, एका चहात होतं. भेटू पुढच्या भागात. दसऱ्याच्या आगाऊ शुभेच्छा, मंडळी.